पसारा ठोकळ्यांचा

सातारा जिल्ह्यात कराडला अगदी लागून मलकापूर आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्याला ते कराडचाच एक भाग वाटते. परंतु पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. घरोघरी मीटर, नळाला चोवीस तास पाणी आणि वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढत जाणारा दर, या तीन गोष्टी एका लहान शहरात एकत्र करून दाखवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या काही ठिकाणांत मलकापूरची गणना होते.

आता अशी कल्पना करू, की अशा गावातील एका शाळेत नववीच्या मुलांनी पाण्यावर प्रकल्प घेतला आहे. प्रत्येकाने आपल्या घरच्या मीटरवरचा आकडा दर आठवड्याला मोबाईलमध्ये नोंदवायचा. ॲपने वापर काढायचा, बिलाचा अंदाज सांगायचा आणि साऱ्या वर्गाचा मिळून आलेख दाखवायचा. ॲप मुलांनीच तयार करायचे. त्यासाठी आज्ञा लिहायच्या नाहीत, तर संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे.

पहिल्या पंधरवड्यात काम झपाट्याने पुढे जाते. बटण दाबले की उत्तर दिसते, मुले खूश होतात. मग सूचना येऊ लागतात. गळक्या नळाची तक्रार नोंदवता यावी. मागच्या महिन्याशी तुलना दिसावी. एका घरात दोन मीटर असतील तर? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठोकळे काही शे होतात. कोणी एक ठोकळा हलवला की भलतीकडेच काहीतरी बिघडते आणि का बिघडले ते कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी मुलांची समजूत होते, की संगणकाचे काम आपल्याला जमणारे नाही. खरे तर त्यांचे तर्कज्ञान कमी पडलेले नसते. कमी पडलेली असते ती पसारा आवरण्याची पद्धत, आणि ती शिकवता येते. या लेखात तिचाच विचार आम्ही करणार आहोत.

ठोकळ्यांची भाषा

संगणकाला आज्ञा देण्याच्या नेहमीच्या भाषांत एखादा स्वल्पविराम चुकला तरी सारे अडते. नवशिक्याची निम्मी शक्ती अशा चुका शोधण्यात जाते. यावर उपाय म्हणून आज्ञांना ठोकळ्यांचे रूप देण्याची कल्पना पुढे आली. ज्या दोन आज्ञा एकमेकींशी जुळू शकत नाहीत, त्यांच्या ठोकळ्यांच्या खाचा जुळतच नाहीत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ साली लोकांपुढे आणलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली याच कल्पनेवर उभी आहे.

मोबाईलसाठी हेच काम ‘ॲप इन्व्हेंटर’ करते. हॅल ॲबेल्सन आणि मार्क फ्रीडमन यांच्या पुढाकाराने गूगलमध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०१० साली ते लोकांना वापरण्यास मिळाले. २०११ च्या अखेरीस गूगलने त्यातून अंग काढून घेतले, तेव्हा एमआयटीने ते आपल्याकडे घेतले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. थंकेबल, कोड्युलर ही भावंडे याच पायावर पुढे वाढली.

ॲप इन्व्हेंटरमध्ये कामाच्या दोन बाजू असतात. एका बाजूला ॲपचे बाह्यरूप, म्हणजे बटणे, मजकुराच्या चौकटी, चित्रे मांडायची. दुसऱ्या बाजूला ठोकळे जोडून त्यांचे वर्तन ठरवायचे. ‘हे बटण दाबले गेले असता’ असा एक मोठा ठोकळा असतो आणि त्याच्या पोटात ‘अमुक करा’ असे ठोकळे बसवायचे असतात.

या साधनाला खेळणे समजू नये. चित्रपटकार नवनीत रंजन यांनी मुंबईच्या धारावीत सुरू केलेल्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातील मुलींनी २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच ॲप इन्व्हेंटरवर ॲप तयार केली. एक संकटात सापडलेल्या स्त्रीला मदत मागता यावी म्हणून, एक शिक्षणासाठी, तर एक सार्वजनिक नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी होते. आपली पाळी आली की मोबाईलवर सूचना यावी आणि नळापाशी तासन् तास ताटकळणे वाचावे, अशी त्या तिसऱ्या ॲपची कल्पना. ठोकळ्यांच्या साधनाने खरा प्रश्न हाताळता येतो हे यावरून दिसते. आणि खरा प्रश्न हाती घेतला की प्रकल्प वाढतोच.

आकार वाढला की स्वभाव बदलतो

ठोकळ्यांच्या खाचा जुळल्या म्हणजे व्याकरण जुळले, अर्थ जुळलाच असे नव्हे. ‘भिंत आंबा खाते’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे, तसेच हे. आज्ञावली लहान असते तोवर अर्थाची चूक नजरेने सापडते. ती मोठी झाली की काय होते?

समजा आज्ञावलीत काही भाग आहेत आणि प्रत्येक भागाचा दुसऱ्या कोणत्याही भागाशी संबंध येऊ शकतो. ५ भाग असतील तर जोड्या होतात १०. १० भागांच्या जोड्या ४५, २० भागांच्या १९० आणि ५० भागांच्या १,२२५. दहावीचे विद्यार्थी हे सूत्र सहज काढतील: भागांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन. भाग दहापट झाले तर जोड्या सुमारे शंभरपट होतात. म्हणून मोठा प्रकल्प ही लहान प्रकल्पाची फुगवलेली आवृत्ती नसते. त्याचा स्वभावच निराळा असतो.

याउलट, २० भागांचे ५-५ चे चार गट केले आणि एका गटाने दुसऱ्या गटाशी एकाच ठरलेल्या दारातून बोलायचे असा नियम केला तर? प्रत्येक गटात १० जोड्या, म्हणजे चार गटांच्या ४०. गटागटांतील जोड्या ६. एकूण ४६. तेवढेच भाग, पण १९० ऐवजी ४६ संबंध. पुढे सांगितलेल्या सर्व युक्त्यांचे मूळ या साध्या गणितात आहे.

ठोकळ्यांच्या भाषेत आणखी एक अडचण आहे. ठोकळे जागा फार खातात. ‘चालू वाचनातून मागील वाचन वजा करा आणि दराने गुणा’ हे लिहून दाखवायला अर्धी ओळ पुरते. ठोकळ्यांत त्यालाच पाच ठोकळे लागतात: वजाबाकीचा एक, गुणाकाराचा एक आणि तीन संख्यांचे तीन. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पीटर डॉइच यांच्या नावाने एक निरीक्षण सांगितले जाते. चित्ररूप आज्ञावलीची पंचाईत अशी, की एका वेळी पडद्यावर पन्नासहून अधिक चिन्हे काही मावत नाहीत. शिवाय लिहिलेली आज्ञावली वरून खाली वाचता येते. ठोकळे मात्र मोकळ्या मैदानावर कुठेही ठेवता येतात, त्यामुळे वाचायला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.

मोठ्या आज्ञावलीने भलेभले जेरीस आलेले आहेत. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या वतीने एक परिषद भरली होती. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर का होत नाहीत आणि झाल्या तरी भरवशाच्या का नसतात, हाच तिचा विषय होता. तेव्हा नववीच्या मुलांचा प्रकल्प तुंबला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

काय बदलेल ते आधी ओळखा

गट करायचे, पण कशाच्या आधारे? पहिला विचार असा येतो, की ॲपमध्ये जे आधी घडते ते एका गटात, नंतर घडते ते दुसऱ्या गटात ठेवावे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका निबंधात वेगळा मार्ग सुचवला. पुढे काय बदलण्याचा संभव आहे ते आधी ओळखावे आणि बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट एकेका भागात बंदिस्त करावी. बाकीच्यांना त्या भागाच्या आत काय चालले आहे हे कळण्याची गरजच पडू नये.

आपल्या पाण्याच्या ॲपमध्ये काय काय बदलू शकते? पाण्याचे दर बदलतील. नोंदी आज मोबाईलमध्ये साठवल्या आहेत, उद्या इंटरनेटवरच्या तक्त्यात साठवाव्या लागतील. पडद्यावरची मांडणी बदलेल. मीटरचा प्रकार बदलेल. म्हणजे चार भाग आपोआप सुचले: दराचा हिशेब, नोंदींची साठवण, पडद्यावरील मांडणी आणि मीटरवाचनाची तपासणी. फळ्यावर ‘पुढच्या वर्षी काय बदलेल?’ असा प्रश्न लिहून मुलांकडून यादी करून घेतली, तर प्रकल्पाची निम्मी आखणी संगणकाला हात लावण्यापूर्वीच होते.

एक हिशेब, एकच जागा

दराचा भाग थोडा तपशिलात पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. १ युनिट म्हणजे १,००० लिटर. पहिल्या १० युनिटांना दर युनिटला ५ रुपये, पुढच्या ५ युनिटांना ८ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक युनिटाला १२ रुपये. मीटरचे मागील वाचन ४१२ आणि चालू वाचन ४३० असेल, तर वापर १८ युनिट. बिल झाले ५० अधिक ४० अधिक ३६, म्हणजे १२६ रुपये.

हा हिशेब ॲपमध्ये तीन ठिकाणी लागतो. घरच्या बिलाच्या पडद्यावर, वर्गाच्या आलेखात, आणि ‘रोज एक बादली वाचवली तर?’ या प्रश्नाच्या उत्तरात. मुले साहजिकच पहिल्या जागेचे ठोकळे उचलून आणखी दोन ठिकाणी त्यांची नक्कल ठेवतात. त्या दिवशी सारे बरोबर चालते. पुढे दर बदलतात. दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरे राहून जाते. आता एकाच घराला एकच ॲप दोन निरनिराळी बिले दाखवते, आणि एखाद्या आजीबाई त्यातला मोठा आकडा खरा धरून नगरपरिषदेत भांडायला निघतात. शाळेच्या प्रकल्पाचीही जबाबदारी असते ती अशी.

यावरचा उपाय म्हणजे प्रोसीजर, अर्थात नाव दिलेली कृती. हिशेबाचे सर्व ठोकळे एका मोठ्या ठोकळ्यात बंद करायचे आणि त्याला ‘बिल काढा’ असे नाव द्यायचे. त्याला आत द्यायची एकच गोष्ट, वापर. बाहेर येणारी एकच गोष्ट, रुपये. मग तिन्ही ठिकाणी ‘बिल काढा’ हा एक लहानसा ठोकळा ठेवला की झाले. दर बदलले तर दुरुस्ती एकाच जागी. घरात पाणी कुठून येते हे न पाहता आपण नळ सोडतो, तसेच हे आहे.

साधा नियम असा ठेवता येईल: तेच ठोकळे दुसऱ्यांदा चिकटवण्याची वेळ आली, की थांबायचे आणि प्रोसीजर करायची. शिवाय एखाद्या घटनेच्या ठोकळ्याच्या पोटातील रांग पडद्याबाहेर जाऊ लागली, की तिचे तुकडे पाडून त्यांना नावे द्यायची. ‘वाचन तपासा, वापर काढा, बिल काढा, नोंद ठेवा, उत्तर दाखवा’ अशा पाच ठोकळ्यांची रांग कोणालाही वाचता येते. माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात सातच्या आसपासच गोष्टी मावतात, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवले होते. हा आकडा काटेकोर नियम म्हणून घेऊ नये, पण रांग लांबत चालली की त्याची आठवण ठेवावी.

बरीच बटणे एकाच प्रकारचे काम करीत असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा ठोकळा नको. ‘कोणतेही बटण दाबले गेले असता’ असाही ठोकळा मिळतो. त्यात ते बटण कोणते एवढे पाहून पुढचे काम करता येते. वीस सारख्या ठोकळ्यांच्या जागी एक ठोकळा आला, की पसारा एकदम ओसरतो.

तीन मलकापुरे

महाराष्ट्रात मलकापूर नावाची एकाहून अधिक गावे आहेत. एक कराडजवळचे, एक कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात, एक बुलढाणा जिल्ह्यात. पत्रावर नुसते ‘मलकापूर’ लिहिले तर पोस्टमनने काय करावे? तालुका, जिल्हा, पिनकोड यांची जोड द्यावीच लागते.

ॲपमध्ये ठेवलेल्या प्रत्येक बटणाला प्रणाली स्वतःहून नाव देते: बटण १, बटण २, बटण ३. तीन बटणांपर्यंत हे चालते. पण बटण १७ कोणते हे आठवड्याने खुद्द ते ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून वस्तू पडद्यावर ठेवताक्षणी तिचे नाव बदलण्याची सवय लावावी. ‘बटण_नोंद_जतन’, ‘चौकट_चालू_वाचन’ अशा नावांत आधी प्रकार, मग विषय, मग काम असा क्रम ठेवला, की यादीत सारखी नावे शेजारी येतात. नाव बदलले तरी ते जिथे जिथे वापरले असेल तिथे प्रणाली आपोआप बदलते, त्यामुळे उशिरा सुचलेले चांगले नावही वाया जात नाही. पडद्याच्या नावाबाबत मात्र ही सोय नाही. ते सुरुवातीलाच विचारपूर्वक द्यावे.

नावाबरोबर हद्दीचाही प्रश्न येतो. आकडा साठवण्याच्या जागेला चल म्हणतात. काही चले सर्व ठोकळ्यांना दिसतात, त्यांना सार्वत्रिक म्हणू. काही एकाच ठोकळ्याच्या पोटात जन्मतात आणि तिथेच संपतात, ती स्थानिक. सार्वत्रिक चल चावडीवरच्या फळ्यासारखे आहे, कोणीही येऊन पुसावे व नवे लिहावे. चुकीचा आकडा कोणी लिहिला हे शोधताना साऱ्या गावाची चौकशी करावी लागते. स्थानिक चल स्वतःच्या वहीसारखे. शक्य तिथे वहीच वापरावी.

पडदे किती असावेत?

मुलांना पडदे वाढवण्याची हौस असते. नोंदीचा एक, बिलाचा एक, आलेखाचा एक, मदतीचा एक. यात एक मर्म आहे. ॲप इन्व्हेंटरमध्ये प्रत्येक पडदा जवळजवळ स्वतंत्र घर असतो. एका पडद्यावरची चले आणि प्रोसीजर दुसऱ्या पडद्याला दिसत नाहीत. ‘बिल काढा’ ही प्रोसीजर दोन पडद्यांवर हवी असेल, तर तिची नक्कल करावी लागते. त्यासाठी ‘बॅकपॅक’, म्हणजे पाठीवरची पिशवी, अशी सोय आहे. ठोकळे पिशवीत टाकायचे आणि दुसऱ्या पडद्यावर काढायचे. पण काढली जाते ती नक्कल. मूळ बदलले तरी ती बदलत नाही. म्हणजे ‘एक हिशेब, एकच जागा’ हा नियम इथे मोडतो.

म्हणून दुसरा मार्ग वापरतात. पडदा एकच ठेवायचा, त्यावर अनेक मोठ्या चौकटी मांडायच्या आणि एका वेळी एकच चौकट दाखवून बाकीच्या लपवायच्या. वापरणाऱ्याला पडदे बदलल्यासारखेच वाटते आणि प्रोसीजर मात्र सर्वांना सामाईक राहतात. याचा तोटा असा, की सर्व ठोकळे एकाच मैदानावर जमा होतात. तेव्हा मधला मार्ग बरा. ज्यांचा हिशेब सामाईक आहे त्या गोष्टी एका पडद्यावर चौकटींत, आणि अगदी निराळे काम असलेली मदत किंवा तक्रारनोंद दुसऱ्या पडद्यावर. दहाहून अधिक पडदे होऊ लागले, की प्रणाली स्वतःच सावधगिरीची सूचना देते.

पडद्यांमध्ये माहिती न्यायची ती मोबाईलमधील कायमच्या साठवणीतून. ‘टायनी डीबी’ हा घटक त्यासाठी आहे आणि तो ॲपच्या सर्व पडद्यांना सामाईक असतो. त्यात ज्या खुणांनी माहिती ठेवली, त्या खुणांची यादी वहीत लिहून ठेवावी. एका मुलाने ‘वाचन’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘वाचने’ शोधले, तर ॲप तक्रार करीत नाही, फक्त रिकामे उत्तर देते.

आणखी एक नेहमीची चूक. पहिल्या पडद्यावरून दुसरा उघडला असेल, तर परत येताना दुसरा ‘बंद करा’ असे सांगावे. ‘पहिला उघडा’ असे सांगितले, तर जुन्या पडद्यावर पहिल्याची नवीन प्रत चढते. थाळीवर थाळी रचावी तशी ही चळत वाढते, मोबाईल मंदावतो आणि शेवटी ॲप बंद पडते. थोडा वेळ वापरून पाहिल्यास हे लक्षातही येत नाही, म्हणून ते अधिक घातक.

गळती शोधावी तशी चूक शोधावी

पाण्याच्या जाळ्यात गळती कुठे आहे हे कसे कळते? गावाचे विभाग पाडतात. विभागात शिरणारे पाणी एका मोठ्या मीटरवर मोजतात आणि त्या विभागातील सर्व घरांच्या मीटरांची बेरीज करतात. दोहोंत मोठा फरक आला तर गळती त्या विभागात. साऱ्या गावातील रस्ते खणावे लागत नाहीत. विभागाच्या तोंडाशी झडप असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तेवढाच भाग बंद ठेवता येतो.

आपले ॲप भागांत वाटलेले असेल तर हेच करता येते. ‘बिल काढा’ या प्रोसीजरला आपल्याला उत्तर माहीत असलेले आकडे द्यायचे आणि काय बाहेर येते ते पाहायचे. आकडे निवडण्यात कौशल्य आहे. बहुतेक मुले टप्प्यांचे दर लावताना अशी चूक करतात, की वापर ज्या टप्प्यात पडतो त्या टप्प्याचा दर सगळ्याच युनिटांना लावतात. १० युनिट देऊन पाहिले, तर चुकलेल्या आणि बरोबर अशा दोन्ही आज्ञावल्या ५० रुपयेच सांगतात. चूक लपून राहते. ११ युनिट दिले की बरोबर उत्तर ५८ आणि चुकीचे ८८. म्हणून टप्प्याच्या सीमेवरचा आणि सीमेच्या लगेच पलीकडचा, असे दोन्ही आकडे तपासावेत. आपल्या उदाहरणात ०, १०, ११, १५, १६ आणि १८ यांची उत्तरे ०, ५०, ५८, ९०, १०२ आणि १२६ यायला हवीत. ही यादी वहीत ठेवावी आणि आज्ञावलीत काहीही बदल केला, की पुन्हा एकदा सगळी तपासावी.

चुकीची माहितीही मुद्दाम देऊन पाहावी. चौकट रिकामी ठेवली तर काय होते? चालू वाचन मागच्यापेक्षा कमी असेल तर? मीटर बदलल्यावर खरोखरच तसे घडते. आकडा देवनागरीत लिहिला तर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः प्रयोग करून मिळवावे.

संगणकाला मोबाईल जोडलेला असताना कोणत्याही ठोकळ्यावर उजवी कळ दाबून ‘डू इट’ म्हटले, की त्या क्षणी त्या ठोकळ्याचे मूल्य दिसते. हीच आपली झडप आणि हेच आपले मीटर. संशयित ठोकळे तात्पुरते निकामी करण्याची सोयही तिथेच मिळते. काम पूर्ण झालेले ठोकळे मिटून लहान करता येतात आणि प्रत्येकाला टिपण जोडता येते. टिपणात ‘काय केले’ हे लिहू नये, ते ठोकळेच सांगतात. ‘असे का केले’ ते लिहावे.

इंटरनेटवरून माहिती मागवणाऱ्या प्रकल्पात एक वेगळी चूक आढळते. माहिती मागणे आणि ती मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत. पत्र टाकून लगेच पेटीत उत्तर शोधणाऱ्या माणसासारखे वागून चालत नाही. उत्तर आल्यावर करायचे काम ‘उत्तर मिळाले असता’ या ठोकळ्याच्याच पोटात ठेवावे लागते.

अनेक हात, एक प्रकल्प

प्रदर्शनाची तारीख जवळ आली, की आणखी मुलांना कामाला जुंपण्याचा मोह होतो. आयबीएममध्ये एका प्रचंड आज्ञावलीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात बजावले, की रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी रेंगाळते. नव्यांना समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातील संबंध वाढतात. वर पाहिलेले जोड्यांचे गणित माणसांनाही लागू पडते.

ॲप इन्व्हेंटरमध्ये एकाच प्रकल्पावर दोघांनी दोन संगणकांवर एकाच वेळी काम करू नये. एकाचे काम दुसऱ्याच्या कामाने पुसले जाण्याचा धोका असतो. प्रत्येक गटाने आपला भाग स्वतंत्र प्रकल्प म्हणून करावा आणि नंतर जोडावा. दोन प्रकल्पांतील पडदे एकत्र करण्याचे साधन एमआयटीने दिलेले आहे, मात्र पडद्यांची नावे वेगळी असावी लागतात. म्हणून नावांचा करार आधी.

रोज काम संपताना प्रकल्पाची फाईल उतरवून तारखेसह जतन करावी आणि तिच्यासोबत आज काय बदलले याची एक ओळ लिहावी. मोठा बदल करण्यापूर्वी ‘चेकपॉइंट’ घेऊन ठेवावा, म्हणजे बिनसले तर मागे येता येते. प्रकल्पाची ही फाईल खरे तर एक झिप पेटी आहे. तिच्या आत प्रत्येक पडद्यामागे दोन फाईली असतात, एक मांडणीची आणि एक ठोकळ्यांची. त्या साध्या मजकुरातच असल्याने कालची आणि आजची प्रत संगणकाकडून ताडून पाहता येते. पण ठोकळा नुसता इकडून तिकडे सरकवला तरी त्याची जागा बदलल्याची नोंद होते आणि अर्थ न बदलताही फरक दिसतो. म्हणून नीटनेटके लावण्याचे काम एके दिवशी आणि अर्थ बदलण्याचे काम दुसऱ्या दिवशी करावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

संगणक कमी असले तरी यातील बराच भाग शिकवता येतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे प्रत्येकी एक काम लिहावे: वाचन घ्या, वापर काढा, दर शोधा, नोंद ठेवा, आलेख काढा, असे वीस-पंचवीस. मुलांच्या चार गटांनी ती पत्रे आपापल्या पद्धतीने ढिगांत वाटावीत. मग ‘दर बदलले’ असे जाहीर करावे. ज्या गटाला सर्वात कमी पत्रे बदलावी लागतील त्याची वाटणी चांगली. मग ‘नोंदी इंटरनेटवर ठेवायच्या’ असे जाहीर करावे. गटांचे क्रमांक बदलतात का, ते पाहावे. पार्नास यांचा निबंध न वाचता मुले त्यातील विचारापर्यंत येतात.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. एका गटाचा प्रकल्प दुसऱ्या गटाकडे द्यावा आणि त्यात एक लहान बदल करण्यास सांगावे. मूळ गटाने तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. बदल अर्ध्या तासात झाला तर प्रकल्प नीट बांधलेला आहे. झाला नाही, तर मुले कुठे अडली तिथे नाव, टिपण किंवा प्रोसीजर कमी आहे, असे समजावे.

आपल्या शाळांत दरवर्षी प्रकल्प होतात, प्रदर्शनात मांडले जातात आणि मुले वरच्या वर्गात गेली की संपतात. पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. पाण्याच्या नोंदींचे मोल मात्र एका वर्षात कळत नाही. पाच उन्हाळे आणि पाच पावसाळे यांचे आकडे शेजारी ठेवले तर त्यांतून गावाविषयी काही शिकता येईल. त्यासाठी आजच्या नववीने केलेले ॲप उद्याच्या नववीला उघडून वाचता आले पाहिजे. प्रकल्पाला गुण देताना शिक्षकांनी ॲप चालते की नाही याबरोबर ते दुसऱ्याला वाचता येते की नाही, हेही पाहावे आणि त्यासाठी निम्मे गुण राखून ठेवावेत.